राजेरजवाड्यांचं जडजवाहीर: कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

नारायणपेठी (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीला नेहमीप्रमाणे दागिन्यांचा डबा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, धने-गूळ खाल्ला आणि डबा परत कपाटात गेला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ ऑक्टोबर २०२५ ला, बातमी आली की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून फ्रान्सच्या राजघराण्याचे आठ दागिने चोरीला गेले. रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ, दारं उघडून अर्धा तास झालेला. उंच मजल्यावर सामान चढवायला जी ट्रकवरची शिडी वापरतात ती लावून चोर पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत चढले, खिडकी कापली, काचपेट्या फोडल्या आणि सात-आठ मिनिटांत पसार झाले. किंमत सांगितली ८ कोटी ८० लाख युरो. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पळापळीत खाली पडला, तो चेपलेला सापडला. विमा वगैरे काही नव्हता.

आईने बातमी ऐकून एवढंच विचारलं, "एवढ्या मोठ्या वाड्याला रखवालदार नव्हता होय?"

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं. राजमुकुट आणि राजचिन्हं देशोदेशी कशी सांभाळली गेली? आणि आपल्या पुण्यातून जे गेलं ते कुठे गेलं? घरातल्या एका जुन्या कागदाबद्दलही विचारायचं आहे, पण ते नंतर.

थेम्सकाठी

पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला टॉवर ऑफ लंडन दाखवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे माझ्या चौदा-पंधरा वाऱ्या झाल्या असतील. मुख्य मुकुटांपाशी सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं आणि तो नेईल तसं पुढे जायचं. फोटो काढायचा नाही. सासूबाई तीनदा मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पंढरपूरचं मुखदर्शन याच्यापेक्षा निवांत होतं.

तिथला बहुतेक ऐवज १६६१ नंतरचा आहे. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवल्यावर राजपदच रद्द झालं, जुने मुकुट वितळवून नाणी पाडली गेली. अभिषेकाचा एक बाराव्या शतकातला चमचा मात्र वाचला. तो राजाच्याच एका जुन्या नोकराने १६ शिलिंगांना विकत घेतला होता आणि दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर परत आणून दिला.

पण माझी आवडती गोष्ट कर्नल ब्लडची. १६७१ साल. रखवालदार टॅल्बट एडवर्ड्स, वय ७७. ब्लड पाद्र्याचा वेष करून त्याच्याकडे जायला-यायला लागला, बरोबर खोटी बायको. घरोबा वाढला. मग त्याने म्हाताऱ्याच्या मुलीसाठी आपल्या पुतण्याचं स्थळ सुचवलं! ९ मे ला 'मुलाकडचे' आले आणि बोलाचालीच्या आधी मुकुट बघायचा आहे म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोक्यात मोगरी घातली, मुकुट ठोकून चपटा केला, दुसऱ्याने सोन्याचा गोल विजारीत कोंबला, तिसरा राजदंड कानशीने कापत बसला. नेमका म्हाताऱ्याचा मुलगा परदेशातून त्याच दिवशी घरी आला आणि सगळे पकडले गेले. पुढची गंमत म्हणजे राजाने ब्लडला माफी दिली, वर आयर्लंडमध्ये वर्षाला ५०० पौंड उत्पन्नाची जमीनही दिली. का, यावर इंग्रज अजून भांडतात.

तिरकस

म्हणजे सुरक्षाव्यवस्थेतली त्रुटी: उपवर मुलगी. पुण्यात हे जमलं नसतं. पत्रिका मागितली असती, तिथेच अडकला असता.

थेम्सकाठी

@तिरकस 😄 दुसऱ्या महायुद्धातलं ऐका. जर्मन आलेच तर म्हणून मुकुट विंडसरच्या किल्ल्यात जमिनीखाली पुरले. त्यातले सर्वांत मोलाचे खडे उपटून वेगळे ठेवले होते, बिस्किटाच्या डब्यात. २०१८ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्ताने हे सर्वांसमोर आलं. तोवर खुद्द राणीलाही सगळा तपशील ठाऊक नव्हता.

तिरकस

आमच्याकडच्या बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा, शर्टाची बटणं आणि बंद पडलेलं एक घड्याळ आहे. चोराने शेवटी हातच लावला नसता.

दप्तरी

धागा चांगला आहे, थोडी भर घालतो.

लूव्रची चोरी पाहून मला आठवला तो सप्टेंबर १७९२. फ्रान्सच्या राजाला कैद झालेली, राजघराण्याचं जवाहीर पॅरिसच्या एका सरकारी कोठारात. चोर रात्री पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरले, ते एकदा नाही, लागोपाठ काही रात्री! २३३ वर्षांनी वाट तीच: पहिला मजला, खिडकी. त्या चोरीत गेलेला निळा हिरा आपल्या गोवळकोंड्याकडचा. ताव्हर्निये नावाच्या व्यापाऱ्याने तो चौदाव्या लुईला विकला होता. पुढे तो कापून लहान केला गेला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधला ४५.५२ कॅरटचा 'होप' हिरा तोच असावा असा संशय फार जुना, पण पुरावा नव्हता. २००७ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मूळ हिऱ्याचा शिशाचा साचा सापडला. त्यात होप बसतो.

आता १८८७. प्रजासत्ताक फ्रान्सने ठरवलं की मुकुट राहिले तर मुकुट घालणाराही परत येईल. म्हणून जवाहिराचा जाहीर लिलाव केला. पुढच्या पिढ्यांना चुटपुट लागली आणि लूव्र एकेक डाग विकत घेत बसलं. युजेनीची हिऱ्यांची बो त्यांनी २००८ मध्ये पासष्ट लाख युरोंहून जास्त मोजून परत आणली. गेल्या ऑक्टोबरात जे आठ गेले त्यात तीही आहे.

पुण्याबद्दल सवडीने लिहितो.

सह्याद्रीवारा

एवढं फ्रान्सपुराण कशाला? सरळ बोला ना. इंग्रजांनी लुटलं. कोहिनूर त्यांच्याकडे, आपल्या तलवारी त्यांच्याकडे, वाघनखं त्यांच्याकडे. चोराच्या घरी चोरी झाली तर मला दुःख होणार नाही.

दप्तरी

@सह्याद्रीवारा, पॅरिस इंग्रजांचं नाही, पण असो.

कोहिनूर लुटला असं म्हणायला हरकत नाही. १८४९ च्या लाहोर तहात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे आणि सही करणारा महाराज दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या पोराने दिलेल्या 'भेटी'ला आपण घरात काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे. पण रणजितसिंहांनी तो १८१३ मध्ये शाह शुजाकडून घेतला तोही काही रक्षाबंधनाला नाही, आणि नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीतून नेला तेव्हा पावती दिली नव्हती.

मला त्यात रस आहे तो तोशखान्याचा (म्हणजे दरबारी खजिन्याचा) अधिकारी मिश्र बेलीराम याच्यात. १८३९ मध्ये रणजितसिंह मरणपंथाला लागले, तेव्हा कोहिनूर पुरीच्या जगन्नाथाला द्यावा अशी त्यांची इच्छा असल्याचं सांगितलं गेलं. बेलीरामने हिरा काढून द्यायला नकार दिला: हा महाराजांचा खाजगी नाही, गादीचा आहे. किल्ली ज्याच्या कमरेला, शेवटचा शब्द त्याचा!

नंतर हिरा इंग्रजांकडे गेल्यावर पंजाबातला इंग्रज अधिकारी जॉन लॉरेन्सने तो वेस्टकोटच्या खिशात ठेवला आणि विसरला, सहा आठवड्यांनी नोकराने 'एक काचेचा तुकडा होता' म्हणून काढून दिला, अशी कथा सांगतात. गव्हर्नर जनरल डलहौसीने मात्र धसका घेतला. लाहोर ते मुंबई त्याने तो कमरेच्या पट्ट्यात शिवून स्वतः आणला. मुंबईहून १८५० मध्ये 'मेडिया' नावाच्या जहाजाने गेला.

रविवारपेठ_जडाव

नमस्कार. आमचं तीन पिढ्यांचं जडावकाम. इतिहास कळत नाही, खडा कळतो.

कोहिनूर इथून गेला तेव्हा १८६ कॅरटचा होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून बघितला आणि नाकं मुरडली. चमकत नाही म्हणाले. मग १८५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे कारागीर बोलावून ३८ दिवस घासला, राहिला १०५.६. आपल्याकडची जुनी पद्धत वेगळी होती. हिऱ्याचं वजन जपायचं, डाग असेल तेवढाच उडवायचा, खाली कोंदणात चांदीचा वर्ख देऊन पाणी खुलवायचं. तेलाच्या दिव्यात तो खडा जे तेज देतो ते विजेच्या दिव्यात दिसत नाही. त्यांना हवा होता लखलखाट. त्यासाठी जवळजवळ निम्मा हिरा भुकटी करून टाकला. माझे वडील म्हणायचे, चोरीला गेलेला हिरा परत मिळतो, कापलेला मिळत नाही.

म्हणून लूव्रच्या दागिन्यांची धास्ती वाटते. चोराला मुकुट विकता येत नाही, खडे विकता येतात. सोनं आटवायला अर्धा तास पुरे.

लॉकरवाली_मावशी

निवृत्त आहे, ३१ वर्षं बँकेत, त्यातली नऊ लॉकर विभागात. धागा वाचून राहवलं नाही.

डब्लिनची गोष्ट कुणी सांगितली नाही. आयरिश राजचिन्हं १९०७ मध्ये डब्लिन कॅसलमधून गेली ती आजतागायत सापडली नाहीत. त्यासाठी १९०३ मध्ये खास भक्कम खोली बांधली होती. तिजोरी आत न्यायला गेले तर दारातून जाईना! मग तिजोरी राहिली बाहेर, ग्रंथालयात. तिच्या दोन्ही किल्ल्या एकाच साहेबाकडे. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. राजा चार दिवसांनी भेटीला यायचा होता.

हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्या एका शाखेत (नाव सांगणार नाही) लॉकरची कपाटं आली आणि जिन्याच्या वळणावर अडकली. दोन दिवस तिथेच. लोक अंग चोरून वर-खाली करत होते.

लॉकरला एक किल्ली तुमची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं. लोक समजतात सगळं बँकेच्या जबाबदारीवर. तसं नाही. आग, चोरी, कर्मचाऱ्याची लबाडी यात बँक देणं लागते ते वार्षिक भाड्याच्या शंभरपट, २०२२ पासूनचा नियम. आत पन्नास तोळे असोत की जुनी पत्रं. तेव्हा काय काय ठेवलं त्याची यादी आणि फोटो घरी ठेवा. लॉकरमध्येच यादी ठेवणारे महाभागही बघितलेत.

तिरकस

@मावशी, शेवटच्या वाक्याने घात केलात. उद्या बँकेत जाऊन येतो.

पूर्वरंग

किल्लीवरून: पुरीच्या जगन्नाथाच्या रत्नभांडारातल्या आतल्या खोलीची किल्ली हरवल्याचं २०१८ मध्ये उघड झालं होतं. जुलै २०२४ मध्ये कुलपं तोडून ती उघडावी लागली. त्याआधीची मोजदाद १९७८ ची.

उलट प्रागला बोहेमियाच्या मुकुटाच्या खोलीला सात कुलपं, सात किल्ल्या, सात वेगवेगळ्या मानकऱ्यांकडे. सगळे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही.

तिरकस

सात जण एका वेळी हजर. आमच्या सोसायटीची सभा गणसंख्येअभावी चार वेळा तहकूब झाली आहे, मुकुट तिथे सर्वांत सुरक्षित राहील.

भागानगरकर

हैदराबादच्या निजामाचं जवाहीर विसरू नका. १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ डाग २१८ कोटींना विकत घेतले, ते मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत आहेत. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडले होते तेव्हा मी मुद्दाम गेलो. जेकब हिरा १८४.७५ कॅरटचा, कोहिनूरच्या आजच्या वजनाहून बराच मोठा. शेवटच्या निजामाला तो वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला आणि त्याने त्याचा पेपरवेट केला, असं सांगतात. बघायला मिळतात ते असे दहा-बारा वर्षांतून एकदा. इराणमध्येही दर्या-इ-नूर मध्यवर्ती बँकेकडेच आहे, पण तिथे लोकांना बघता यावं म्हणून बँकेनेच संग्रहालय केलं आहे. आपल्याला काय अडचण आहे कळत नाही.

दप्तरी

पुण्याबद्दल लिहितो म्हणालो होतो.

पहिली गोष्ट, शनिवारवाड्यात राजमुकुट कधीच नव्हता. पेशवे प्रधान, गादी साताऱ्याची. पेशव्यांकडे होते ते शिरपेच, कलगी, तुरे, कंठ्या, भीकबाळ्या, आणि ते ठेवायला जवाहीरखाना. अठरा कारखान्यांत खजिना, जवाहीरखाना, जामदारखाना वेगवेगळे. ही सांभाळण्याची कामं एवढी पिढीजात झाली की त्यांची आडनावं झाली: जामदार, पोतदार, पोतनीस. तुमच्या वर्गात एखादा पोतनीस असेलच.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि बाजीराव दुसरे पुण्यातून निघाले. पुढचे सात महिने पळापळ. त्यांची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या, १० मे १८१८ ला तोही पडला. गडाच्या किल्लेदाराच्या पुण्यातल्या घरात सोन्याच्या पिशव्या सापडल्या, त्या इंग्रजांनी जप्त केल्या. वारसांच्या वतीने दावा लागला की ही खाजगी मालमत्ता आहे. मुंबईच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, तो फिरवला: ही युद्धातली जप्ती, यात दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. पुण्यातल्या एका वाड्याची झडती लंडनच्या निकालपत्रात जाऊन बसली.

नाशिकचा हिरा त्याच धामधुमीतला. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातून तो पेशव्यांकडे आला असं सांगतात. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला विकला गेला. सुमारे ९० कॅरटचा होता, तिथे कापून अठ्ठ्याहत्तरच्या आसपास आणला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या सरदारघराण्यात तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने परत कापला, ४३.३८ उरला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मालवाहतूक कंपनीच्या एका मालकाने पाच लाख डॉलरला घेतला. देवस्थान ते ट्रकवाला.

आणि एक योगायोग. ४ फेब्रुवारी १८१८ ला एडिंबरोच्या किल्ल्यात सर वॉल्टर स्कॉट वगैरे मंडळींनी एक पेटी फोडली. स्कॉटलंडचा मुकुट, तलवार आणि राजदंड १७०७ मध्ये त्या पेटीत घालून खोली बंद केली होती आणि १११ वर्षांत लोकांची खात्री झाली होती की ते इंग्रजांनी नेले. सगळं जिथल्या तिथे, कापडात गुंडाळलेलं. त्याच महिन्यात इकडे आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्यांचा मुकुट सापडला त्या महिन्यात आपलं राज्य हरवत होतं.

रविवारपेठ_जडाव

नव्वदचा त्रेचाळीस. वाचूनच दात आंबले.

सह्याद्रीवारा

मग वाघनखं? २०२४ मध्ये आली ती पण तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. आपलीच वस्तू उसनी?

दप्तरी

साताऱ्याला आली तेव्हा मीही पाहून आलो. पण ती महाराजांचीच, हे ती ज्यांच्याकडून आली त्या लंडनच्या संग्रहालयालाही खात्रीने सांगता येत नाही. याच्या उलट रघूजी भोसल्यांची तलवार बघा. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने ४७ लाख १५ हजारांना घेतली. ती कुणाची यावर वाद नाही, कारण पात्यावर देवनागरीत नाव आहे. होपचा साचा काय, हे नाव काय. कुलूप कितीही मोठं करा, वस्तूची याद, म्हणजे लेखी नोंद, नसेल तर उद्या समोर आली तरी ओळखणार कशी?

संपादक

वाघनखांवर स्वतंत्र धागा आहे, २१४ प्रतिसादांचा. तिकडे जावे. इथे जवाहिराबद्दल बोलावे.

नारायणपेठी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दप्तरींच्या 'याद' शब्दावरून माझ्या कागदाकडे येतो.

आमच्याकडे पणजोबांची भीकबाळी आहे. दोन मोती, मध्ये माणिक. त्यातला एक मोती किंचित पिवळसर, दुसरा पांढराशुभ्र. आजीचं ठाम म्हणणं होतं की तिने साठेक वर्षांपूर्वी ती एका सराफाकडे उजळायला दिली आणि त्याने मोती बदलला. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणीही त्या दुकानाची पायरी चढलं नाही. माझ्या मुंजीच्या वेळी तिथे भाव कमी असूनही आजोबांना दुसरीकडे जावं लागलं.

माळा आवरताना पणजोबांच्या हातची दागिन्यांची याद सापडली. मोडीत आहे. आकडे कळतात, 'शके १८५४' लागतं, बाकी मला येत नाही. खालून चौथ्या ओळीचा फोटो टाकतोय. कुणी वाचून देईल का?

रविवारपेठ_जडाव

फोटोत भीकबाळी पण टाका. पिवळसर आहे तोच जुना, बसऱ्याचा असणार. वयाने झाक येते. तुमच्या आजींना नवा तो खरा वाटला आणि जुना तो बदललेला, की उलट?

नारायणपेठी (धागाकर्ता)

आजी म्हणायची पांढरा त्याने घातला. टाकतो फोटो.

मोडीमित्र

अक्षर सुरेख आहे पणजोबांचं. ओळ अशी:

"भीकबाळी १ मोती २ पैकी १ बसराई १ हरवला सबब नवा घातला रु ९ दिल्हे माणिक १"

शके १८५४ म्हणजे १९३२-३३. शेजारी बारीक अक्षरात 'सौ. स न सांगणे' असं काहीतरी आहे, पण तिथे कागद फाटलाय.

तिरकस

दंडवत.

लॉकरवाली_मावशी

अरे देवा. 'सौ. स न सांगणे' म्हणजे पणजोबांनी हरवला होता!

नारायणपेठी (धागाकर्ता)

आईला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या सराफाचं दुकान गेलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.